पॅकेजचे हजारो कोटी आणि मराठवाड्याची वाढ: जाहीर आकड्यातलं जिल्ह्यात किती उतरतं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

मराठवाड्यासाठी पॅकेज जाहीर झालं की सगळीकडे एकच चर्चा सुरू होते: किती कोटी? ऑक्टोबर २०१६ मध्ये औरंगाबादच्या मंत्रिमंडळ बैठकीत सुमारे ४९ हजार कोटी. सप्टेंबर २०२३ मध्ये मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाला छत्रपती संभाजीनगरात ४५ हजार कोटींहून जास्त, आणि वर सिंचनाच्या सुधारित मान्यतांचे १४ हजार कोटी. ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिवृष्टीनंतर राज्यभरासाठी ३१,६२८ कोटी. प्रत्येक वेळी सोबत एक वाक्य असतंच: यातून रोजगार निर्माण होईल, अर्थव्यवस्थेला चालना मिळेल.

या वाक्यावर माझा विश्वास का नाही ते मांडतो. सरकारनं खर्च करू नये असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की जाहीर आकडा म्हणजे खर्च नव्हे, खर्च म्हणजे जिल्ह्याचं उत्पन्न नव्हे, आणि एका वर्षाचं उत्पन्न म्हणजे टिकाऊ वाढ नव्हे. या तिन्ही पायऱ्यांवर पैसा गळतो आणि घोषणा मात्र पहिल्या पायरीच्या आकड्यावर होते.

पहिली पायरी बघा. पॅकेजच्या बेरजेत वेगवेगळ्या जातीचे पैसे एकत्र मोजलेले असतात: या वर्षीच्या अर्थसंकल्पातली खरी तरतूद, जुन्या प्रकल्पाची वाढलेली किंमत, केंद्राच्या योजनेतला आधीच ठरलेला हिस्सा, बँकांनी द्यायचं कर्ज, विमा कंपनीकडून अपेक्षित रक्कम. २०२५ चं पॅकेज घ्या. कोरडवाहूला हेक्टरी १८,५०० रुपये सांगितले, त्यात नुकसानीचे ८,५०० आणि रब्बीसाठीचे १०,०००. जमीन खरडून गेली असेल तर हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाखांपर्यंत रोजगार हमीतून. हे ३ लाख शेतकऱ्याच्या खात्यावर येणारे पैसे नाहीत. त्यासाठी अंदाजपत्रक लागतं, तांत्रिक मान्यता लागते, जॉबकार्डधारक मजूर लागतात, हजेरीपत्रक निघावं लागतं, काम मोजलं जावं लागतं. गाळ-माती उपलब्ध नसेल, मजूर ऊसतोडीला गेले असतील तर ती रक्कम कागदावरच राहते. पॅकेजच्या बेरजेत मात्र ती पहिल्या दिवशीच मोजली जाते.

म्हणून बातमी वाचताना विचारायचा प्रश्न असा: यातली नवी रोख तरतूद किती, कोणत्या लेखाशीर्षाखाली (म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यात), कोणत्या वर्षात? जाणकारांनी पुढच्या दोन पायऱ्यांवर लिहावं.

आकडेमोड

चांगला विषय. दुसऱ्या पायरीचं शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण "चालना" या शब्दामागे एक गुणक लपलेला असतो. सरकारनं १ रुपया खर्च केला तर देशाचं उत्पन्न किती रुपयांनी वाढतं, तो आकडा म्हणजे गुणक. ही कल्पना १९३१ मध्ये रिचर्ड कान यांनी मांडली आणि १९३६ मध्ये केन्स यांनी ती आपल्या सिद्धांताच्या मध्यभागी आणली. तर्क सोपा आहे: माझा खर्च हे तुमचं उत्पन्न, तुम्ही त्यातला काही भाग खर्च करता, ते तिसऱ्याचं उत्पन्न. साखळी किती लांब जाईल हे तीन गळतींवर ठरतं: बचत, कर आणि बाहेरून येणारा माल.

भारतासाठी वारंवार सांगितला जाणारा आकडा एनआयपीएफपी या दिल्लीच्या संस्थेच्या २०१३ च्या अभ्यासातला आहे: भांडवली खर्चाचा गुणक २.४५, हस्तांतरणाचा (म्हणजे लोकांना थेट दिलेल्या पैशाचा) ०.९८. केंद्राचा भांडवली खर्च २०२०-२१ मधल्या ४.२६ लाख कोटींवरून २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ११.२१ लाख कोटींवर नेला गेला, त्यामागे हाच तर्क होता. पण त्या ११.२१ मध्येही दीड लाख कोटी हे राज्यांना दिलेलं ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज आहे. राज्यानं त्यातून नवं काम काढलं तर भर पडते. जे काम राज्य स्वतःच्या पैशातून करणारच होतं तेच या कर्जातून केलं, तर भर काही पडत नाही, फक्त खातं बदलतं.

गुणकाबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, तो कायमचा स्थिर आकडा नाही. इल्झेत्स्की, मेंडोझा आणि वेग यांनी अनेक देशांची आकडेवारी तपासून दाखवलं की चलनाचा दर मोकळा असेल, व्यापार खुला असेल, कर्ज जास्त असेल तर गुणक खूप खाली येतो, कधी शून्याच्या आसपास. दोन, अंदाज आणि वास्तव यांची फारकत. अमेरिकेत जानेवारी २००९ मध्ये रोमर आणि बर्नस्टाइन यांनी सरकारसाठी अंदाज मांडला की उत्तेजन दिलं तर बेरोजगारी ८ टक्क्यांच्या आसपास थांबेल. ७८७ अब्ज डॉलरचा कायदा झाला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बेरोजगारी १० टक्क्यांवर गेली. समर्थक म्हणतात मंदी अंदाजापेक्षा खोल होती, खर्च नसता तर आणखी वाईट झालं असतं. असेलही. पण खर्च नसता तर काय झालं असतं हे कुणालाच बघता येत नाही, त्यामुळे तो दावा कधी खोटाही ठरवता येत नाही. धोरण आखताना हीच अडचण आहे.

आपल्याकडचं २००८-०९ आठवा. केंद्राची राजकोषीय तूट जीडीपीच्या २.५ टक्क्यांवरून एका वर्षात ६ टक्क्यांवर गेली. वाढीचा दर पुन्हा आठ टक्क्यांच्या आसपास आला हे खरं, पण पाठोपाठ दोन अंकी महागाईही आली आणि तूट लवकर खाली उतरली नाही. मंदीत सुरू केलेला खर्च मंदी संपल्यावर बंद करणं राजकीयदृष्ट्या कठीण असतं.

आणि मे २०२०. जाहीर आकडा २०.९७ लाख कोटी. त्यातले ८.०१ लाख कोटी रिझर्व्ह बँकेच्या रोखतेच्या उपायांचे, ३ लाख कोटी लघुउद्योगांच्या कर्जाला हमी म्हणून. हमी म्हणजे खर्च नव्हे. कर्ज बुडलं तरच सरकारच्या तिजोरीतून पैसा जातो. गोदाकाठ म्हणतात ती पहिल्या पायरीवरची गळती इथंही तशीच दिसते.

खडी_मुरूम

रस्त्याच्या कामात १०० रुपये कुठं जातात ते बघू. गुणकाची चर्चा हवेत राहू नये म्हणून.

गुत्तेदाराला मिळालेल्या १०० रुपयांच्या बिलात १८ टक्के दरानं जीएसटी धरला तर सव्वापंधरा रुपये करच. उरतात पावणेपंच्याऐंशी. साडेतीन-पावणेचार मीटर रुंदीचा ग्रामीण डांबरी रस्ता धरा. ५० मिलिमीटर बीएम (खालचा जाड खडीचा डांबरी थर) आणि वर २५ मिलिमीटर सेमी-डेन्स कारपेट (वरचा बारीक खडीचा डांबरी थर). एका किलोमीटरला बीएम साधारण १८७ घनमीटर म्हणजे ४१० टन, त्यात ३.४ टक्के डांबर म्हणजे १४ टन. कारपेट ९४ घनमीटर म्हणजे २१५ टन, त्यात ५ टक्के म्हणजे पावणेअकरा टन. मिळून २५ टनांच्या आसपास डांबर. टनाला ५० हजार धरले तर साडेबारा लाख रुपये, आणि हा सगळा पैसा रिफायनरीकडे जातो. मराठवाड्यात रिफायनरी नाही. डिझेलचं तेच. पेव्हर, व्हायब्रेटरी रोलर, ग्रेडर, पोकलेन यांचे हप्ते बाहेरच्या कंपन्यांना. यंत्र चालवणारे बरेचदा परप्रांतातले. जिल्ह्यात राहतो तो पैसा म्हणजे खडी क्रशर, मुरूम, हायवा टिपरचं भाडं, टँकर, थोडी मजुरी आणि गुत्तेदार स्थानिक असेल तर त्याचा नफा. पेव्हरच्या टोळीत वीस-पंचवीस माणसं असतात आणि एक थर किलोमीटरभर टाकायला त्यांना एक-दोन दिवस पुरतात. "रस्त्यातून रोजगार" म्हणताना हे प्रमाण डोळ्यासमोर ठेवा.

सिमेंट रस्त्यात चित्र थोडं वेगळं. सिमेंट चंद्रपूर किंवा कर्नाटकाच्या बाजूनं येतं, पण पूल-मोऱ्यांना लागणारी सळई जालन्यात बनते. तिथल्या मिलना मागणी येते, म्हणजे तेवढा पैसा विभागात फिरतो.

आता तिसऱ्या पायरीचं, टिकाऊपणाचं. उत्तेजनाचा पैसा लवकर खर्च व्हावा लागतो, नाहीतर त्याला उत्तेजन म्हणता येत नाही. मराठवाड्यात घाईचा खर्च सर्वांत वाईट महिन्यांत येऊन पडतो. निधी वितरित होतो हिवाळ्याच्या शेवटी, ३१ मार्चला तो परत जाऊ नये म्हणून कामं रेटली जातात, आणि उरलेली एप्रिल-मे मध्ये. मुरूम दाबायला पाणी लागतं. साडेचार मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाडीचा एकच थर घ्या: किलोमीटरला ६७५ घनमीटर, सुमारे १,३५० टन. मुरूम कोरडा असेल आणि ८ टक्के ओलावा हवा असेल तर १०८ टन पाणी, म्हणजे १० हजार लिटरचे ११ टँकर, तेही बाष्पीभवन सोडून. गावाला प्यायला टँकर चालू असताना हे पाणी आणणार कुठून? मग कोरडाच रोलर फिरतो. थर वरून घट्ट दिसतो, आतून पोकळ राहतो. पहिल्या पावसात पाणी आत शिरतं, खाली काळी माती. काळ्या मातीचा सीबीआर (भार पेलायच्या ताकदीचं माप) दोन-चार टक्के, ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं डांबर उभं तडकतं. त्याला उपाय आहे: मातीवर जाड मुरमाचा थर, बाजूच्या नाल्या, मोरीचा योग्य उतार. पण घाईत पहिली कात्री नाल्यांनाच लागते, कारण फोटोत नाली दिसत नाही.

डांबराचंही तसंच. प्लांटमधून माल दीडशे अंशांच्या आसपास निघतो. प्लांट साठ-सत्तर किलोमीटरवर असला, हायवावर ताडपत्री नसली, तर पसरेपर्यंत माल थंड होतो आणि दाबला जात नाही. कारपेट हातानं उकरलं तर निघतं ते यामुळं. असा रस्ता तीन वर्षांत परत करावा लागला तर जीडीपीत दोनदा मोजला जातो, वाहतुकीला मात्र एकच रस्ता मिळतो.

मोंढा_लातूर

वाचतोय, पटतंय बरंच, पण एका गोष्टीला माझा विरोध आहे. तुमच्या हिशेबातून असा अर्थ निघू लागलाय की सरकारी खर्चानं काही होतच नाही. मराठवाड्यातल्या माणसानं तरी असं म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली नसती तर काय झालं असतं? खडी फोडली, पाझर तलाव खोदले, रस्ते झाले. १९७५ मध्ये त्यासाठी व्यवसाय कर लावला, १९७७ मध्ये कायदा झाला. पुढं देशानं तोच नमुना घेतला. हा खर्च होता, आणि वेळेवर होता.

मोंढ्यातली उलाढाल बघा म्हणजे कळतं. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ होता आणि बाजारात त्याच्या खालीच विकलं. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही म्हटल्यावर कापड दुकान, किराणा, ट्रॅक्टर दुरुस्ती, खतवाला, सगळेच बसतात. अशा वेळी लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० आले तर ते बाजारात लगेच येतात. हे पैसे कर्जाऊ आहेत, राज्यावर बोजा आहे, मान्य. पण ज्याच्याकडं काहीच नाही त्याच्या हातात पैसा दिला की तो फिरतो, हे खोटं नाही.

आणि आकडेमोड, तुम्ही एकच बाजू सांगितली. युरोपात २०१० नंतर खर्चाला कात्री लावली तेव्हा नाणेनिधीच्याच ब्लांशार आणि ली यांनी २०१३ मध्ये लिहिलं की गुणक कमी धरले गेले होते, कात्रीचं नुकसान अंदाजापेक्षा लय जास्त झालं. मंदीत खर्च कमी करणंही महागात पडतं.

आकडेमोड

ब्लांशार-ली यांचा मुद्दा बरोबर आहे, आणि १९७२ चं उदाहरण तर माझ्या शंकेच्या विरोधात नाही, उलट ती शंका नेमकी कुठं लागू होते ते दाखवतं. मागणी कोसळलेली असताना, हात रिकामे असताना, मजुरीचा वाटा मोठा असलेला खर्च काम करतो. मग पॅकेजमधला बहुतांश पैसा त्या प्रकारचा का नसतो, हा प्रश्न उरतो.

खडी_मुरूम यांची विभागणी आणि तुमचा मुद्दा एकत्र घेऊन एक ढोबळ हिशेब मांडतो. यातले वाटे गृहीत धरलेले आहेत, आपापल्या तालुक्याप्रमाणे बदलून बघा. समजा जिल्ह्यातला माणूस हातात आलेल्या रुपयातले ८० पैसे खर्च करतो, पण खत, मोबाईल, पेट्रोल, तेल, कपडा बाहेरून येतो, त्यामुळं त्या खर्चातला ४० टक्केच जिल्ह्यात उत्पन्न म्हणून राहतो. म्हणजे प्रत्येक फेरीत रुपयातले ३२ पैसे जिल्ह्यात पुढं जातात. साखळीची बेरीज १ भागिले ०.६८, म्हणजे १.४७.

डांबरी रस्ता: १०० कोटींतले २५ कोटी पहिल्या फेरीत जिल्ह्यात राहिले तर एकूण जिल्ह्याचं उत्पन्न वाढेल ३७ कोटींनी. रोजगार हमीचं काम, मजुरी-साहित्य ६०:४०: मजुरीचे ६० आणि साहित्यातले समजा १२, मिळून ७२, गुणिले १.४७, म्हणजे १०६ कोटी. थेट खात्यावर १०० कोटी: ते पैसे मिळतातच, पण त्यातून जिल्ह्यात नवं उत्पन्न तयार होतं साधारण ४७ कोटींचं.

देशाचा गुणक २.४५ असला तरी जिल्ह्याचा ०.३७ असू शकतो, कारण गळालेला पैसा देशात दुसरीकडं कुणाचं तरी उत्पन्न होतो. रिफायनरीच्या गावाला फायदा, यंत्राच्या कारखान्याच्या शहराला फायदा. मराठवाड्याच्या नावानं जाहीर झालेल्या पॅकेजची चालना अशा रीतीनं पुणे-मुंबईकडं जाते, त्यात कुणाचा भ्रष्टाचार असलाच पाहिजे असं नाही.

रस्ता टिकला, त्यावरून माल स्वस्त गेला, तर पुढची वीस वर्षं फायदा मिळतो, तो या हिशेबात नाही. म्हणून टिकाऊपणा हाच कळीचा मुद्दा आहे. टिकला नाही तर ०.३७ वर विषय संपला.

टेलची_चारी

टिकाऊपणाच्या आधी पूर्ण होण्याचं बोला. अर्धवट काम हा मराठवाड्याचा सगळ्यात महाग प्रकार आहे. धरण बांधलं, मुख्य कालवा झाला, पण वितरिका आणि चाऱ्या (शेतापर्यंत पाणी नेणारे छोटे कालवे) झाल्या नाहीत, तर पैसा ९० टक्के खर्च झालेला असतो आणि भिजलेलं क्षेत्र त्या प्रमाणात कुठंच नसतं. गुणकाच्या सूत्रात हा खर्च पूर्ण मोजला जातो.

अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्ग बघा. २६१ किलोमीटर, १९९५ मध्ये मंजूर, तेव्हाची किंमत ३५३ कोटी. किंमत वाढत ४,८०५ कोटींवर गेली. बीडपर्यंत प्रवासी गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं दरवर्षी थोडी थोडी तरतूद झाली, दरवर्षी ती "विकासकामांवरील खर्च" म्हणून मोजली गेली, आणि तोवर बीडच्या व्यापाऱ्याला एक पोतंही रेल्वेनं पाठवता येत नव्हतं. भूसंपादनाचा मोबदला, पुन्हा वाढीव मोबदला, दरसूची (सरकारी कामांच्या दरांची यादी) बदलली की सुधारित अंदाजपत्रक: किंमत फुगते ती या क्रमानं. कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचनाला २०२२ मध्ये ११,७०० कोटींवरची सुधारित मान्यता द्यावी लागली, तिथंही हाच क्रम.

अनुशेषाचं, म्हणजे मागं राहिलेल्या भागांच्या विकासातल्या तुटीचं, गणितही सांगतो. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी काढला. १९९४ नंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीनं तो १४,००६ कोटी काढला. मधल्या काळात खर्च झालाच नाही असं नाही. पण इतर भाग त्याहून वेगानं पुढं गेला आणि किमती वाढल्या. विभागांसाठीच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, त्यामुळं विभागवार हिशेब विचारायची जागाही गेली. पॅकेजपेक्षा मला हे नुकसान मोठं वाटतं.

आणि पूर्ण होऊनही उपयोग नाही, याचं उदाहरण जलयुक्त शिवार. २०१४-१९ मध्ये ९,६३३ कोटी खर्च. कॅगनं नंतर लिहिलं की भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. कारण भूगर्भात आहे. आपल्याकडं बेसॉल्ट. वरचा झिजलेला मुरमाड थर पाणी धरतो, खालचा कातळ धरत नाही. नाला त्या थराच्या खाली खोदला तर आजूबाजूच्या शेतातलं साठलेलं पाणी नाल्यात उतरतं, वाहून जातं किंवा उडून जातं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती आधी आणि खोलीकरण शेवटी, हा क्रम पाहिजे. पण बांधबंदिस्तीला मजूर आणि वेळ लागतो, खोलीकरणाला पोकलेन आणि आठवडा पुरतो. लवकर खर्च दाखवायचा असेल तर पोकलेनच जिंकतं. प्रा. एच. एम. देसरडा यांनी अशा खोदकामाविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली, नंतर या योजनेच्या अभ्यासासाठी जॉनी जोसेफ समितीही नेमली गेली.

गोदाकाठ

टेलची_चारी यांच्या क्रमाच्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. पोकलेन घनमीटर मोजून देतं आणि घनमीटरचं बिल निघतं. बांधावर किती पाणी थांबलं याचं बिल निघत नाही.

शेंद्रा_एमआयडीसी

उद्योगाच्या बाजूनं तीन उदाहरणं, दोन शंकेच्या बाजूची, एक विरुद्ध.

लातूरचा रेल्वे कोच कारखाना. भूमिपूजन ३१ मार्च २०१८, पहिला सांगाडा २५ डिसेंबर २०२०. बांधकाम विक्रमी वेळेत झालं. पण कारखाना उभा राहणं म्हणजे उत्पादन नव्हे. डब्यांची मागणी, तंत्रज्ञान, पुरवठादार, कुशल वेल्डर यांची साखळी नव्हती. वंदे भारत स्लीपरचं कंत्राट २०२३ मध्ये झालं, तोवर मोठी गुंतवणूक जवळपास निजून होती. जालन्याच्या ड्राय पोर्टचं (समुद्रापासून दूर कंटेनर हाताळायच्या केंद्राचं) भूमिपूजन डिसेंबर २०१५ चं, त्याचंही घोडं बरीच वर्षं अडलं. शेवटचा रेल्वे जोड आणि चालवणारा ऑपरेटर या दोन गोष्टींशिवाय कंटेनर येत नाही.

उलट बाजूला ऑरिक, म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळची औद्योगिक नगरी. शेंद्रा-बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकर. इथं आधी भूमिगत वीज, पाणी, सांडपाणी, रस्ते झाले आणि मगच भूखंड दिले. सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्या टप्प्याचं लोकार्पण झालं, तेव्हाही रिकामे प्लॉट बघून लोक टीका करत होते. मोठे वाहन उद्योग २०२४ मध्ये बिडकीनकडं वळले. त्यामागं वाळूज-चिकलठाण्याचे जुने सुट्या भागांचे पुरवठादार आहेत, समृद्धी महामार्ग आहे. म्हणजे सरकारी पैसा कामी आला, पण तिथं आधीच उद्योगाची मुळं होती, आणि फळ यायला दहा-बारा वर्षं लागली. याला उत्तेजन म्हणता येणार नाही, ही संथ गुंतवणूक आहे. परभणी-हिंगोलीत नुसते प्लॉट आखून हेच घडेल असं समजू नये.

गंगापूरकर

एक प्रश्न. राज्यावर कर्ज किती झालं की पॅकेजचा परिणाम उलटा होतो? असा काही ठरावीक आकडा आहे का?

आकडेमोड

ठरावीक आकडा नाही. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात कर्ज ९.३२ लाख कोटी आणि महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवली होती. राज्याच्या उत्पन्नाच्या प्रमाणात कर्ज हाताबाहेर गेलेलं नाही. पण महसुली तूट म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं यांसाठीच कर्ज काढावं लागतंय. असं झालं की कात्री लागते ती भांडवली कामांना, कारण पगार थांबवता येत नाही, बिल थांबवता येतं.

खडी_मुरूम

आणि बिल थांबलं की काय होतं ते सांगतो, कारण २०२५ मध्ये राज्यभरातले गुत्तेदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर आले होते. दरसूचीत नफा १० टक्के धरलेला असतो. एक कोटीच्या कामात साधारण ९ लाख. गुत्तेदाराचे ८० लाख अडकले आणि वर्षभर बिल आलं नाही, तर १२ टक्क्यांनी व्याज ९ लाख ६० हजार. नफा संपला, वर खिशातून गेले. हा तोटा तो तीन ठिकाणी भरून काढतो. पुढच्या निविदेत दर चढवतो, किंवा थराची जाडी कमी करतो, किंवा क्रशरवाल्याचं आणि डिझेल पंपाचं थकवतो. तिसऱ्यातून पैसा जिल्ह्यात फिरायचा थांबतो, म्हणजे वरच्या हिशेबातले जे २५ कोटी स्थानिक होते तेच गोठतात. लहान गुत्तेदार बाहेर पडतात, मोठे बाहेरचे राहतात, आणि स्थानिक वाटा आणखी घटतो.

नवं पॅकेज जाहीर करण्यापेक्षा जुनी बिलं एका महिन्यात चुकती केली तर जिल्ह्यात लगेच पैसा येईल. काम झालेलं आहे, मजुरी दिलेली आहे, निविदा नको, भूसंपादन नको.

मोंढा_लातूर

हे मात्र शंभर टक्के. मोंढ्यात उधारीची साखळी अशीच असते, वरचा अडकला की खालचे दहा अडकतात.

गंगापूरकर

आपल्या गावातल्या एखाद्या कामाचं हे सगळं तपासायचं तर सुरुवात कुठून करायची? माहिती अधिकारात काय मागावं?

खडी_मुरूम

अर्ज एका कामापुरता ठेवा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, "गावातली सर्व कामं" असं लिहिलं की अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. अर्ज ज्या उपविभागानं काम केलं तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं.

मागायची कागदपत्रं या क्रमानं: प्रशासकीय मान्यतेचा आदेश, तांत्रिक मान्यता आणि अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं लिहायच्या सरकारी वहीतली) त्या कामाची सर्व पानं, चालू व अंतिम देयकं, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, आणि डांबर खरेदीची मूळ चलनं. शिवाय दोषदायित्व कालावधी कधी संपतो ते विचारा. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती गुत्तेदारानं स्वखर्चानं करायची असते, आणि तरीही त्याच लांबीवर नवं काम मंजूर झालेलं असेल तर तोच तुमचा मुद्दा. कलम २(ञ) खाली कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो, हे फार कमी लोक वापरतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडं.

कागद हातात आले की मोजमाप पुस्तिकेतल्या तारखा आधी बघा. मुरमाचा थर, खडीचा थर, बीएम आणि कारपेट यांची मोजमापं वेगवेगळ्या तारखांना असायला हवीत, कारण एक थर झाकला गेला की त्याचं माप घेता येत नाही. सगळी मापं मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या एकाच दिवशी असतील तर खालचे थर कुणी मोजलेच नाहीत.

मग डांबर. वर दिलेल्या पद्धतीनं लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी काढा, घनतेनं गुणा, टक्केवारी लावा. तीन किलोमीटरला ७४-७५ टन आलं पाहिजे. चलनांची बेरीज त्याच्या बरीच खाली असेल तर थर पातळ आहे किंवा डांबर कमी आहे. बेरीज जुळत असेल तर चलनांचे क्रमांक आणि टँकरचे नंबर लिहून घ्या आणि शेजारच्या कामाच्या चलनांसाठी वेगळा अर्ज करा. एकच चलन दोन कामांना लावलेलं असेल तर ते तिथंच सापडतं.

गंगापूरकर

समजलं. आमच्याकडच्या जोडरस्त्यासाठी आधी मोजमाप पुस्तिका आणि चलनांचा अर्ज टाकतो, कागद आले की आकडे इथंच टाकीन.